प्रेक्षकाचे दप्तर



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून बहुधा राजकारणी पुरुषांची, संतांची वा साहित्यिकांची थोरवी गायली जाते, आणि ती गायली जावी हे उचितच आहे. तथापि ज्या माणसाने आपल्या देहाच्या हालचाली आणि हातातील एक चेंडू यांखेरीज समाजाला दुसरे काही दिले नाही, ज्याचे कर्तृत्व ग्रंथात उतरत नाही, शिळेवर कोरले जात नाही, आणि ज्या घटकेस घडते त्याच घटकेस संपूनही जाते, अशा माणसाचे ऋण समाजाने कोणत्या मार्गाने फेडावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आला आहे. म्हणून आज मी बास्केटबॉल या खेळाविषयी, मुंबईच्या नागपाड्याविषयी आणि त्या नागपाड्याने देशाला दिलेल्या गुलाम अब्बास मुंतसीर या खेळाडूविषयी बोलणार आहे. भारतीय संघाचे नेतृत्व केलेल्या आणि १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराने गौरविल्या गेलेल्या या खेळाडूने स्पर्धेचे मैदान सोडल्याला कित्येक दशके लोटली. तरी नागपाड्यात बास्केटबॉलची गोष्ट निघाली की त्यांच्या नावाखेरीज ती पुढे सरकत नाही. ही आठवण कशाची बनलेली असते, ती कितपत भरवशाची असते, आणि तिचा सांभाळ करण्याची जबाबदारी कोणाच्या शिरावर आहे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय.

किहीमच्या नारळी-पोफळीत बसून नागपाड्याची चर्चा का करावी, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे, आणि तिचे निरसन करताना मला मोठा आनंद वाटतो. या मुलखातील माणूस पिढ्यान् पिढ्या रेवसच्या वा मांडव्याच्या बंदरावरून पोटापाण्यासाठी मुंबईस जात आला. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर त्याच्यासमोर प्रथम माझगाव येई, त्यापुढे भायखळा, आणि भायखळ्याला लागूनच नागपाडा. येथून जवळच, नवगावच्या किनाऱ्यावर, ज्यांचे पूर्वज गलबत फुटून सात जोडप्यांनिशी लागले अशी परंपरागत कथा आहे, त्या बेने इस्रायल समाजाची वाटचालही हीच. गावोगाव तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या लोकांना आपले पूर्वज 'शनिवार तेली' म्हणत; त्यांनी आपल्या गावांची नावे आडनावांत बांधून मुंबईस नेली, आणि त्यांपैकी एक आडनाव किहीमकर हे आहे. त्या आडनावाच्या हाइम सॅम्युएल किहीमकर यांच्याविषयी मला पुढे सांगावयाचे आहे. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की भायखळा आणि नागपाडा या वस्त्या कोकणी, घाटी, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती अशा नाना जातींच्या स्थलांतरितांनी वसविलेल्या आहेत, आणि त्यांच्या मातीत या किनाऱ्याचाही अंश मिसळलेला आहे.

या किनाऱ्याचा नागपाड्याशी आणखी एक दुवा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने ज्या मुलांसाठी शाळा चालविल्या, त्यांत बेने इस्रायल मुलेही होती. त्याच मिशनने १९२७ साली नागपाड्यात 'नागपाडा नेबरहूड हाउस' ही संस्था उघडली. तिचे संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांची धारणा अशी होती की ज्या वस्तीत राहावयास जागा नाही, श्वास घ्यावयास मोकळीक नाही आणि दारिद्र्यापायी माणसे एकमेकांच्या अंगावर येतात, त्या वस्तीची सेवा तिच्या मध्यभागी राहूनच करता येते. ग्रंथालय, दवाखाना, वर्ग यांच्या जोडीला तेथे खेळालाही मानाचे स्थान मिळाले. पुढे १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे शिक्षण देणारी जी पहिली पदव्युत्तर संस्था निघाली, तिचा आरंभही याच वास्तूत झाला आणि मॅन्शार्ट हेच तिचे पहिले संचालक झाले. ज्या विद्येचा आज विद्यापीठांतून एवढा विस्तार झाला आहे, ती विद्या आणि बास्केटबॉलचा चेंडू हे दोन्ही एकाच छपराखाली वाढले, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासकारांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही, असे माझे मत आहे.

बास्केटबॉलच का, हा प्रश्न येथे स्वाभाविकच उद्भवतो. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद दालनात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ रचला, त्यासाठी सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. अल्प जागा, अल्प साहित्य आणि अंगाला अंग न भिडविता चालणारी चुरस, ही या खेळाची जन्मजात लक्षणे होत. क्रिकेटला जेवढे मैदान लागते तेवढ्यात नागपाड्याच्या कित्येक चाळी सामावतील. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद एवढी सपाट जमीन, दहा फुटांवर दोन कड्या आणि एक चेंडू पुरतो. तेव्हा दाट वस्तीतील मुलांनी या खेळाला आपलेसे केले यात नवल नाही. मद्रासच्या वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तो देशभर पसरला, १९३४ साली दिल्लीत त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि पुढे सेनादल व रेल्वे यांच्या संघांनी त्यावर आपली हुकमत बसविली. बराकीत राहणारे, सकाळ-संध्याकाळ कवायतीने तयार झालेले उंचेपुरे जवान एका बाजूला, आणि शाळा-नोकरी सांभाळून अंधार पडेपर्यंत सिमेंटच्या मैदानावर खेळणारी मुंबईची पोरे दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. त्या विषम सामन्यात नागपाड्याने आपली शैली घडविली. उंचीवर मात करावयाची तर चेंडू जमिनीजवळ ठेवावा लागतो, हात आणि पाय यांचा मेळ क्षणार्धात बदलावा लागतो, आणि प्रतिपक्षाच्या डोळ्यांना चकवावे लागते. तेथील महापालिकेच्या मैदानास ज्या बच्चूखान यांचे नाव आहे, त्यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी या कलेची मशागत केली. मैदानास मंत्र्याचे वा धनिकाचे नाव न देता पोरांना खेळ शिकविणाऱ्याचे नाव दिले जावे, ही त्या वस्तीच्या कृतज्ञतेची मोठी खूण मी मानतो.

या मशागतीतून अब्बास मुंतसीर उगवले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हापासून १९६९ पर्यंत बास्केटबॉलमध्ये ज्या चौघांना तो लाभला, ते सरबजीतसिंग, खुशीराम, गुरुदयालसिंग आणि हरीदत्त हे होत. त्यांच्यानंतर १९७० साली मुंतसीर यांचे नाव आले, आणि मुंबईच्या गल्लीतून निघालेला खेळाडू त्या मालिकेत जाऊन बसला. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिले ती ज्येष्ठ मंडळी त्यांच्या गुणसंख्येविषयी फारसे बोलत नाहीत, ही गोष्ट मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते. ती बोलतात ती चेंडू हाताळण्याच्या हातोटीविषयी, नजर एकीकडे ठेवून दुसरीकडे दिलेल्या पासविषयी, पाठीमागून वळविलेल्या चेंडूविषयी आणि त्या क्षणी प्रेक्षकांतून उठणाऱ्या गजराविषयी. कित्येकांना सामना कोणाविरुद्ध होता हे आठवत नाही, निकाल आठवत नाही. पण चेंडू कोणत्या हातातून कोणत्या हातात गेला, हे ते स्वतःचे मनगट वळवून दाखवितात.

आता या आठवणीचा दाखला कोठे शोधावा? बास्केटबॉलची तत्कालीन स्कोअरशीट आपण कधी पाहिली असेल तर तिच्या मर्यादा आपल्या ध्यानात येतील. कोणी किती गुण केले, कोणावर किती फाऊल लागले, संघाने विश्रांतीचा अवकाश केव्हा घेतला, एवढ्याच गोष्टींची तीत नोंद असे. ज्याने बास्केट केली त्याचे नाव तीत येई. ज्याने तिघा प्रतिस्पर्ध्यांना आपल्याकडे खेचून चेंडू नेमक्या क्षणी मोकळ्या सोबत्याच्या हाती दिला, त्याच्या नावाने त्या कागदावर शाईचा थेंबही पडत नसे. म्हणजे ज्या खेळाडूचे खरे सामर्थ्य पास देण्यात होते, त्याचे कर्तृत्व अधिकृत दप्तरात मुळी दाखलच झाले नाही. क्रिकेटची गोष्ट निराळी. त्याच्या धावफलकात प्रत्येक चेंडूचा हिशेब राहतो, आणि बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मराठीत केलेल्या वर्णनांमुळे, मैदान कधीच न पाहिलेल्या खेड्यातील माणसाच्या कानांतही तो खेळ साठून राहिला. बास्केटबॉलला तो कानही मिळाला नाही आणि डोळाही मिळाला नाही: मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे मुंतसीरांच्या अर्जुन पुरस्काराला दोन वर्षे होऊन गेल्यावर, आणि रंगीत चित्रे येण्यास १९८२ चे आशियाई खेळ उजाडावे लागले. १९७५ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताने चौथा क्रमांक पटकावला, ज्याच्या पुढे आपला संघ त्या स्पर्धेत आजवर गेलेला नाही. आणि ऑलिंपिकमध्ये तो एकदाच, १९८० साली मॉस्कोस, अनेक राष्ट्रांनी बहिष्कार घातल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागी खेळला. भारतीय बास्केटबॉलची ही कारकीर्द आपल्या सामान्य वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ती त्याला कोणी सांगितलीच नाही.

त्यामुळे या खेळात प्रेक्षकाला एक असाधारण पद प्राप्त झाले आहे. इतर कलांत रसिक हा आस्वाद घेणारा असतो. येथे तो साक्षीदार आहे, आणि पुष्कळदा एकमेव साक्षीदार आहे. साक्षीदारावर जी बंधने असतात ती सर्व त्याच्यावर येतात. त्याने जे पाहिले तेच सांगावे, जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगावे, आणि प्रेमाच्या भरात जबानी फुगवू नये. निवृत्त खेळाडूच्या सत्कारसमारंभातील भाषणे मी ऐकत आलो आहे. त्यांत वक्त्यांचे प्रेम निःसंशय खरे असते, पण असा खेळाडू पुन्हा होणे नाही, तो जादूगार होता, तो सम्राट होता, असल्या विशेषणांच्या राशीतून त्या माणसाचा एकही सामना, एकही चढाई, एकही चुकलेला नेम श्रोत्याच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. अतिशयोक्तीने खेळाडू मोठा होत नाही. उलट त्याचे जे विशेषपण असते तेच तिच्याखाली झाकले जाते, आणि मग सर्व थोर खेळाडू एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसू लागतात.

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे, आणि त्याविषयी मी स्पष्ट बोलू इच्छितो. पन्नाशी-साठी ओलांडलेला चाहता जेव्हा आपल्या आवडत्या खेळाडूची आठवण काढतो, तेव्हा त्या आठवणीत तो खेळाडू किती आणि चाहत्याचे स्वतःचे तारुण्य किती, हे वेगळे करणे दुर्घट असते. कॉलेज बुडवून पाहिलेला सामना, जवळ बसलेला आणि आज हयात नसलेला मित्र, सामन्यानंतर इराण्याकडे घेतलेला चहा, हे सारे त्या एका पासभोवती गोळा झालेले असते. मी त्याची निंदा करीत नाही. माणसाच्या आयुष्याचा एवढा ऐवज एका खेळाडूच्या नावाशी बांधला जावा, हा त्या खेळाडूचा केवढा मोठा विजय! मात्र साक्ष द्यावयास उभे राहिल्यावर आपले तारुण्य आणि त्याचा खेळ यांची खाती निराळी ठेवावयास हवीत. त्यासाठी मी एक कसोटी सुचवीन. आपल्या लाडक्या खेळाडूचा एखादा पराभव आपल्याला तपशिलाने आठवतो का, हे प्रत्येक चाहत्याने स्वतःला विचारावे. ज्याला आपल्या नायकाची हार आठवते, त्या दिवशी त्याच्या पायांत कोणती जडता होती, प्रतिपक्षाने त्याला कसे कोंडले, आणि तरीही त्याने शेवटपर्यंत काय करून पाहिले हे जो सांगू शकतो, त्याचे प्रेम डोळस आहे आणि त्याची जबानी स्वीकारण्याजोगी आहे.

चाहत्यांची स्मृती आणि सरकारदरबारची स्मृती यांच्यात किती अंतर पडू शकते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. पदक घेऊन ते परतले तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत केले. गोळेश्वरने आपले देणे त्याच दिवशी चुकते केले. शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तेव्हा १९८४ साली अपघातात निवर्तलेल्या खाशाबांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मधल्या प्रदीर्घ काळात त्यांचे नाव टिकले ते कोणत्याही हुकुमाने वा शिफारशीने नव्हे. तालमीत, पारावर, कराड-कोल्हापूरच्या घराघरांत त्यांची कुस्ती सांगणारी माणसे होती म्हणून ते टिकले, आणि दरबाराला जाग आली ती या सांगणाऱ्यांच्या रेट्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात कुस्तीला महाराष्ट्रात गावोगाव कान आहेत. मुंबईच्या एका वस्तीपुरत्या राहिलेल्या बास्केटबॉलला तेवढे कान नाहीत, आणि म्हणून त्याच्या साक्षीदारांची निकड अधिक आहे.

आता किहीमकडे वळतो. या गावाने दोन आदर्श आपल्यापुढे ठेवले आहेत. १९३० साली सालिम अली येथे राहावयास आले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. येथील सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर ते दिवसचे दिवस बसले, एकेक घरटे वेगळे ओळखून कोणता नर ते कधी विणतो, मादी ते केव्हा पाहावयास येते, पसंत पडल्यास काय करते आणि न पडल्यास काय, याची त्यांनी बारकाईने टिपणे केली. सुगरण पक्षी या गावाने शतकानुशतके पाहिला होता. प्रत्येक पोराला त्याची घरटी ठाऊक होती. तरीही नर एक घरटे एका मादीच्या हवाली करून दुसरे विणू लागतो, हा त्याच्या संसाराचा क्रम शास्त्राला कळला तो सालिम अलींच्या वहीतून. पाहणे आणि टिपून ठेवणे यांतले अंतर याहून स्पष्ट करणारा दाखला मला माहीत नाही.

दुसरा आदर्श हाइम सॅम्युएल किहीमकरांचा. त्यांच्या समाजाजवळ शतकानुशतकांचा लिखित इतिहास नव्हता. होत्या त्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, चालीरीती, सणवार, आडनावे आणि नवगावच्या किनाऱ्यावरील पूर्वजांची दफनभूमी. किहीमकरांनी हे सर्व गोळा करून १८९७ च्या सुमारास बेने इस्रायलांचा इतिहास लिहून काढला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे तो हस्तलिखितातच पडून होता आणि लेखकाला तो ग्रंथरूपाने पाहावयास मिळाला नाही. परंतु १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला, अलिबाग आणि भोवतालच्या खेड्यांतील त्यांची घरे ओस पडली, आणि ज्यांच्याकडून किहीमकरांनी त्या हकिकती ऐकल्या असतील त्यांपैकी कोणी उरले नाही, तेव्हा त्या ग्रंथाची किंमत कळली. तो पन्नास वर्षे उशिरा लिहावयास घेतला असता तर त्याला विचारावयास माणसेच मिळाली नसती.

नागपाड्याच्या बास्केटबॉलचे असेच आहे. मुंतसीरांना ऐन भरात खेळताना ज्यांनी विशी-पंचविशीत पाहिले, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या वस्तीतील जुन्या चाळी पडून तेथे मनोरे उठत आहेत, कुटुंबे पांगली आहेत, आणि काही कुटुंबे तर समुद्रापलीकडे गेली आहेत. यातील प्रत्येक माणसाबरोबर काही सामने कायमचे जाणार. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने, एखाद्या जिल्हा संघटनेने, अथवा कोणीच पुढे न आल्यास दोघातिघा उत्साही तरुणांनी या लोकांची जबानी नोंदवून घेण्याची तजवीज करावी. तीत तारीख आणि जागा विचारावी, सोबत खेळलेल्यांची व विरुद्ध खेळलेल्यांची नावे विचारावी, मैदान मातीचे होते की सिमेंटचे, दिवे होते की नव्हते, पायांत बूट होते की नव्हते हे विचारावे, आणि दोन साक्षीदारांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही म्हणणी जशीच्या तशी लिहून ठेवावी. कोठे पेटीच्या तळाशी स्कोअरशीट असेल, स्पर्धेची पत्रिका असेल, संघाचे छायाचित्र असेल, तर त्यामागे पेन्सिलीने नावे लिहून घ्यावी. कारण मधल्या रांगेतील तिसरा कोण हे सांगणारा माणूस गेला की ते छायाचित्र मुके होते. आणि हे सर्व खेळाडूच्या हयातीतच व्हावे, त्याला दाखविले जावे, चुकले असेल तेथे त्याने स्वतः दुरुस्त करावे. मरणोत्तर पुरस्काराने आपले समाधान होते. त्याचा उपयोग ज्याला व्हावयास हवा तो तेव्हा नसतो.

श्रोतेहो, मी नागपाड्याचे उदाहरण घेतले, परंतु आपल्या तालुक्यातही हेच काम पडून आहे. या किनाऱ्यावर कबड्डीचे वेड किती आहे हे मी आपल्याला सांगावयास नको. भात कापून झाल्यावर आखलेल्या क्रीडांगणांवर ज्यांच्या चढाया पाहण्यासाठी आजूबाजूच्या गावांतून माणसे पायी येत, ते खेळाडू आज आपल्या वाडीत, आपल्या कोळीवाड्यात, आपल्या शेजारच्या घरात म्हातारे होऊन बसले आहेत, आणि त्यांच्या नावाने कोणत्याही दप्तरात दोन ओळी नाहीत. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना येत्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम नेमून द्यावे. प्रत्येक मुलाने एका जुन्या खेळाडूकडे आणि त्याचा खेळ पाहिलेल्या एका माणसाकडे वही घेऊन जावे, त्यांना बोलू द्यावे, आणि ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. त्या वह्या आपल्या गावच्या वाचनालयाने जपून ठेवाव्यात, एवढी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.